हरकत राखून

हुकूम पाळावा की मोडावा, हा प्रश्न शहरातल्या माणसाला पुस्तकात भेटत असेल. आमच्याकडे तो कोतवालाच्या पिशवीतून येतो. घडी घातलेला कागद, खाली गोल शिक्का, आणि कोतवालाचं एकच वाक्य, "इथं अंगठा मारा." वाचता येवो की न येवो, माणूस त्या कागदाकडे पाहतो आणि मग बांधाकडे पाहतो. त्या दोन पाहण्यांच्या मधे जे काही मनात चालतं, त्यावर मी आयुष्यभर विचार करत आलो आहे.

पवनी हे वैनगंगेच्या काठचं जुनं गाव. गावाला मातीचा कोट आहे, कोटाबाहेर खंदक आहे. १९६९-७० साली इथल्या टेकड्यांवर उत्खनन झालं आणि दोन हजार वर्षांमागचे बौद्ध स्तूप उघडे झाले. कोटाची माती कुणाच्या तरी हुकमानेच वाहिली गेली असणार. हुकूम देणारे गेले, टोपल्या वाहणारे गेले, माती तेवढी राहिली. असल्या गावात वाढलेल्या माणसाला कोणतीच सत्ता कायमची वाटत नाही. पण सत्ता दारात उभी असते तेव्हा काय करावं, हे कोट काही सांगत नाही.

ते आम्हाला शिकवलं धरणाने. पवनीच्या वरच्या अंगाला, तालुक्यातच, गोसीखुर्दचं धरण आहे. १९८३ साली त्याचा अंदाज ३७२ कोटींचा होता. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हातून भूमिपूजन झालं. २००९ साली तो राष्ट्रीय प्रकल्प झाला, आणि पुढे खर्चाचा आकडा अठरा हजार कोटींच्या वर गेला. तेहतीस दरवाजांचं हे धरण भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर या तीन जिल्ह्यांतली अडीच लाख हेक्टर जमीन भिजवणार असं ठरलं होतं. ज्यांची भिजणार ते आणि ज्यांची बुडणार ते, ही माणसं वेगळी. माझ्या मामाजींचं गाव बुडणाऱ्यांतलं.

मामाजी दोघे. नोटीस आली तेव्हा दोघांच्या चुली वेगळ्या, पण ओसरी एकच होती. मोठे मामाजी म्हणाले, "सरकारासंग भांडून कोन जितला बापा? सही करू, पैसा घेऊ, वर जमीन पाहू." लहाने मामाजी ओसरीवरून उठलेच नाहीत. म्हणाले, "मी कागदाले हात लावत नाही. ज्याले पायजे त्यानं माह्या भिंतीले चिकटवावं." आणि तसंच झालं. नोटीस भिंतीला चिकटवली गेली. कायद्याच्या लेखी चिकटवलेली नोटीसही मिळालेलीच असते.

तेव्हा जमिनी घेतल्या जात त्या १८९४ च्या, म्हणजे इंग्रजांच्या कायद्याने. स्वातंत्र्य मिळून चाळीस वर्षं झाली तरी आमच्या शेताचा निकाल त्याच कायद्यात होता. १ जानेवारी २०१४ ला नवा कायदा लागू झाला, तोवर हाच चालला. त्या जुन्या कायद्यात एक बारीक गोष्ट होती. मोबदला कमी वाटला तर कलम १८ खाली दिवाणी न्यायालयात वाढ मागता येत असे. पण अट अशी की रक्कम उचलताना हरकत नोंदवलेली असली पाहिजे. वकील तिला 'अंडर प्रोटेस्ट' म्हणत. ज्याने मुकाट्याने पैसे उचलले, त्याचा पुढे विचारण्याचा हक्क तिथेच संपला. ज्याने सहीच्या वर दोन शब्द लिहिले, 'हरकत राखून', त्याचं दार उघडं राहिलं. तेही मुदतीत अर्ज केला तर, आणि ती मुदत आठवड्यांत मोजायची.

किती जणांना हे ठाऊक होतं? बोटांवर मोजण्याइतक्यांना. मोठ्या मामाजींना एका ओळखीच्या वकिलाने सांगितलं म्हणून त्यांनी ते दोन शब्द लिहिले. शाळेत चौथीपर्यंत गेलेला माणूस, मान वाकडी करून, जीभ दातांत धरून अक्षरं काढत होता. मी शेजारी उभा होतो. लोक त्यांना भित्रा म्हणाले, कारण त्यांनी पैसे घेतले. लहान्या मामाजींना वाघ म्हणाले, कारण त्यांनी घेतले नाहीत. मला मात्र त्या दिवसापासून वाटत आलं आहे की पाळणं आणि मोडणं यांच्या मधे एक तिसरी जागा असते, आणि ती भित्र्याची नसते. हाताने हुकूम पाळायचा, पण त्याच हाताने त्यावर लिहायचं की हा मला मान्य नाही.

लहान्या मामाजींचा हट्ट वाया गेला असंही मी म्हणणार नाही. त्यांच्यासारखी न हलणारी माणसं गावोगावी होती, म्हणूनच प्रकल्पग्रस्तांची संघटना उभी राहिली. मोर्चे निघाले, धरणी झाली, माणसं पाण्यात उतरून उभी राहिली. २०१३ साली सरकारने सुमारे बाराशे कोटींचं विशेष पॅकेज जाहीर केलं, ते काही कुणाच्या मनात आपोआप दया उपजली म्हणून नव्हे. मोठ्या मामाजींच्या अर्जाची वाढीव रक्कम आली ती अकरा वर्षांनी. तोवर ते राहिले नव्हते. लहाने मामाजी गाव सोडणाऱ्यांत शेवटचे. घराचं छप्पर त्यांनी स्वतः उतरवलं, फाटे बैलबंडीवर घातले आणि मागे वळून न पाहता गेले. दोघांपैकी कोण बरोबर, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. दोघांतही एक गोष्ट सारखी होती. दोघांनी जे केलं ते दिवसाढवळ्या, आपल्या नावाने केलं.

याच प्रश्नाची सगळ्यात मोठी परीक्षा महाडला झाली. महाडची गोष्ट आमच्या जिल्ह्यात घरोघरी माहीत आहे. पण बहुतेकांना माहीत असते ती मार्चमधली अर्धी. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्यात त्यांनी सरकारचा कोणता हुकूम मोडला? कोणताच नाही. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले असावेत असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ सालीच झाला होता, आणि महाडच्या नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचं म्हटलं होतं. मोडली ती रूढी. आणि रूढी मोडणाऱ्यांना त्याच दिवशी काठ्या खाव्या लागल्या.

उरलेली अर्धी गोष्ट डिसेंबरची. नगरपालिकेने मधल्या काळात आपला ठराव मागे घेतला. पुन्हा सत्याग्रह करायचं ठरलं. हजारो माणसांनी तुरुंगात जायची तयारी नोंदवली. इतक्यात विरोधकांनी दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाईहुकूम आणला. आता काय? पाणी प्यावं तर न्यायालयाचा हुकूम मोडतो. न प्यावं तर लांबलांबून भाकरी बांधून आलेली माणसं रिकाम्या हाताने परत जातात. २५ डिसेंबरला त्या मंडपात मनुस्मृती जाळली गेली. दुसऱ्या दिवशी सत्याग्रहाच्या प्रश्नावर सभेत उलटसुलट भाषणं झाली. आणि शेवटी न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत सत्याग्रह तहकूब करायचा, असं ठरलं. मिरवणूक तळ्याभोवती गेली. पाण्याला कुणी हात लावला नाही.

एकाच मंडपात, एका दिवसाच्या अंतराने, एक हुकूम जाळला आणि दुसरा पाळला. वरवर पाहणाऱ्याला यात विसंगती दिसते. मला यात सगळा विचार दिसतो. मनुस्मृतीच्या हुकमावर अपील नाही. तिथं प्रश्न विचारणं हाच गुन्हा. न्यायालयाचा हुकूम कितीही अडचणीचा असो, त्याच्यासमोर उभं राहून आपली बाजू मांडता येते, आणि तो उद्या बदलू शकतो. बाबासाहेबांचं म्हणणं असंही होतं की आपलं भांडण तळ्यावर मालकी सांगणाऱ्यांशी आहे. मनाई मोडली की ते भांडण आपलं आणि सरकारचं होतं, आणि मूळ प्रतिपक्ष काठावर बसून मजा पाहतो. खटला चालला. मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ ला शेवटचा निकाल दिला, आणि विरोधकांचा रूढीचा दावा टिकला नाही.

म्हणजे जिंकले. पण मधे नऊ वर्षं गेली. त्या नऊ वर्षांत महाडातली किती लेकरं त्या तळ्याकडे लांबूनच पाहत वाढली असतील? हा हिशोब मांडल्याशिवाय 'कायदा पाळा' असं सांगण्याचा हक्क कुणाला पोचत नाही. पाळण्यालाही किंमत असते, आणि बहुतेक वेळा ती पाळा म्हणणारा देत नाही. महाडला निदान एवढं झालं की ज्यांना किंमत द्यायची होती त्यांच्याच सभेत तो प्रश्न मांडला गेला. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी सांगितलं की घटनेचे मार्ग खुले झाल्यावर सत्याग्रह, असहकार, कायदेभंग हे मार्ग बाजूला ठेवले पाहिजेत. ते मार्ग खुले नव्हते तोवर या पद्धतींना काही अर्थ होता, असंही ते त्याच ओघात म्हणाले होते. लोक या म्हणण्याचा पहिला भाग सांगतात आणि दुसरा गिळतात. १९५४ साली आमच्याच भंडाऱ्यातून ते लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. ज्याने घटनेचा मसुदा रचला त्याला आमच्या जिल्ह्याने पाडलं, आणि त्याने तो निकाल मान्य केला. हेही पाळणंच.

मोडण्याची किंमत काय असते ते पाहायला फार लांब जावं लागत नाही. पवनीहून भिवापूर ओलांडलं की पुढे चिमूर लागतं. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. गावात मोर्चा निघाला, गोळीबार झाला, माणसं पडली. मग जमाव बेभान झाला आणि त्याने सरकारी अधिकाऱ्यांना ठार मारलं. त्यानंतर लष्कर आलं. घराघरांतून पुरुष धरून नेले आणि मागे राहिलेल्या बायकांवर अत्याचार झाले. त्या बायकांना मोर्च्याच्या आदल्या रात्री कुणी विचारलं होतं? पाळण्याची किंमत जशी दुसराच देतो, तशी मोडण्याचीही.

चिमूरच्या पुढची गोष्ट प्राध्यापक भन्साळींची. गांधींच्या आश्रमातला हा माणूस. त्या बायकांवरच्या अत्याचारांची चौकशी व्हावी एवढ्या मागणीसाठी त्याने त्रेसष्ट दिवस उपास केला. सरकारने वर्तमानपत्रांना बातमी छापू दिली नाही, तरी तो हटला नाही. त्यानेही सत्तेला नकारच दिला होता. पण त्याच्या नकाराची किंमत त्याच्याच अंगावर होती. जमावाने मोडलेला हुकूम आणि या एकट्याने मोडलेला हुकूम यांत मला फरक दिसतो तो एवढाच, पण तो फार मोठा आहे. जमावात कुणाचंच नाव नसतं, म्हणून शिक्षा कुणावरही पडते.

आता आमच्या रोजच्या जगण्याकडे येतो. महाड, चिमूर या मोठ्या गोष्टी झाल्या. आम्ही गावकरी बहुधा ना पाळतो, ना मोडतो. आम्ही पळवाट काढतो. तारेवर आकडा टाकतो. रात्री वैनगंगेची रेती उचलतो. बुडित क्षेत्रात मोजणी होणार म्हटलं की रातोरात रोपं खोचून बाग दाखवतो. याला आम्ही हुशारी म्हणतो, आणि मनातल्या मनात स्वातंत्र्यही म्हणतो. 'सरकारले कसा बनवला!'

मामाजींच्या गावात असा एक जण होता. अशी खोचलेली बाग त्याने मोजणीत चढवून घेतली. मोबदला चांगला मिळाला. पुढे मोर्चे सुरू झाले तेव्हा हा गडी बोलण्यात सगळ्यांत पुढे, पण साहेबासमोर निवेदन द्यायची वेळ आली की मागच्या रांगेत. एकदा मी त्याला विचारलं, "का गा, तू कायले मागं राहतेस?" तो म्हणाला, "माह्या कागद त्याच्या कपाटात आहे गा." त्याच्या त्या एका वाक्याने मला जे कळलं ते एरवी कळलं नसतं. चोरून हुकूम मोडणारा माणूस मोकळा होत नाही, तो अधिक बांधला जातो. आकडा टाकणारा लाइनमनला वाकून रामराम करतो. रेती काढणारा पोलिसाच्या पोराच्या लग्नात आहेर नेतो. उघडपणे पाळणारा मान वर करून विचारू शकतो. उघडपणे मोडणाराही विचारू शकतो. पळवाटवाल्याला तेवढं एकच करता येत नाही. आणि अधिकाऱ्यालाही हाच माणूस सोयीचा असतो.

सॉक्रेटिसाची गोष्ट शाळेत सांगतात ती विषाच्या पेल्यापाशी थांबते. त्याच्या आधीची एक गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. मित्राने तुरुंगातून पळून जायची सगळी तजवीज केली होती. सॉक्रेटिस गेला नाही. लोकांना प्रश्न विचारायचं सोड, असं फर्मावलं असतं तर ते मानणार नाही, हे त्याने भर न्यायालयात सांगितलं होतं. तोच माणूस मागच्या दाराने जायला मात्र तयार झाला नाही. मरण पत्करण्याइतकं ते खरं होतं का, यावर वाद घालता येईल. मी स्वतः बहुधा पळालो असतो. पण मागच्या दाराने गेलेल्या माणसाचा प्रश्न पुढे कुणी विचारत नाही, हे त्याला कळलं होतं.

आणि एक चौथी गोष्ट असते, ती आमच्या वैनगंगेच्याच खोऱ्यात घडली. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंडांचं लहानसं गाव आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा. ऐकणाऱ्याला बंड वाटावं अशी. पण त्या गावाने केलं काय? अभ्यास गट काढले. कायदे वाचले. एकाचाही विरोध असेल तर निर्णय पुढे ढकलायचा, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलत राहायचं, अशी रीत पाडली. २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा गावाने रीतसर दावा लावला आणि २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. तरी बांबू विकू देईनात. बांबू हे गौण वनोपज आहे असं कायद्यात स्पष्ट लिहिलेलं, पण वाहतुकीचा परवाना कुणी देईना. गाव कायद्यावर बोट ठेवून बसलं. २०११ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं.

इथं हुकूम कुणी मोडत होतं? गाव नव्हे. कायदा पाळत नव्हती ती कचेरी, आणि गावाने तिला तो पाळायला लावला. आपण नेहमी विचारतो, आम्ही सत्तेचं ऐकावं का? मेंढ्याने उलटं विचारलं, सत्ता स्वतःच्या शब्दाचं ऐकते का? त्यासाठी मात्र कागद वाचावा लागतो, सभेत बसावं लागतं, आणि शेजाऱ्याचा नकार ऐकून घ्यावा लागतो. घोषणा देण्यापेक्षा हे काम कंटाळवाणं आहे. म्हणूनच बहुतेक गावांत ते होत नाही.

सत्ता फक्त कचेरीत नसते. ती ओसरीवर असते, देवघरात असते, जेवायला पहिलं पान कुणाचं यात असते. मागल्या वर्षी मोठ्या मामाजींच्या नातीचं लगन जुळवत होते. पोरगी बारावी झालेली. तिला नागपूरला नर्सिंगला जायचं होतं. पोरगा चांगला, शेती ओलिताची, देणंघेणं काही नाही. घरात सगळ्यांचा होकार झाला. तिच्या एका मैत्रिणीने तिला सांगितलं होतं म्हणे, रात्रीची गाडी आहे, निघून जा, मग बघतील. मामीजी म्हणाल्या, "ऐकून घे वं माय, पोरीच्या जातीनं एवढं तानू नये."

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी तिने सगळ्यांना ओसरीवर बसवलं. मीही होतो. ती उभी राहिली, पदर नव्हता म्हणून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. म्हणाली, "मी पळून जानार नाही. आन हे लगनही करनार नाही. मले काय शिक्षा द्यायची ते द्या, मी घरातच आहो." बाप तीन दिवस तिच्याशी बोलला नाही. ती सकाळी उठून गोठा झाडत होती, सैपाक करत होती, भाकर वाढत होती. एकही काम तिने टाळलं नाही, आणि एकदाही होकार दिला नाही.

चौथ्या दिवशी बापाने नर्सिंगच्या फॉर्मवर सही केली. मनातून पटलं असं नाही. सही करताना तो मोठ्याने म्हणाला, "मले हे पसंत नाही, लिहून ठेवजा." पोरगी हसली नाही. तिने फॉर्म घडी करून पिशवीत ठेवला आणि म्हणाली, "लिहून ठेवतो, बाबा." मला तेव्हा मोठ्या मामाजींची वाकडी मान आठवली. बापलेक दोघांनी आपापली हरकत राखली होती, आणि घर शाबूत होतं.